परदेशी स्थायिक होताना सामानाची यादी : हा कागद आपल्याच हिताचा

आपल्या समाजातील माणूस परदेशाला नवखा नाही. रत्नागिरी, चिपळूण, श्रीवर्धन, मुरूड, महाड या भागांतील घरे पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर आणि आखातावर चालत आली. घरातला एक पुरुष बाहेर आणि बाकीचे कुटुंब गावी, ही व्यवस्था आपल्या अंगवळणी पडलेली आहे. परंतु आखातात जाणे आणि कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक होणे यात मोठा फरक आहे. आखातात माणूस नोकरीला जातो, एक दिवस परत येतो. कॅनडाला जाणारा मात्र घर उचलून जातो. पातेली, गाद्या, बायकोचे दागिने, मुलांची पुस्तके, आईची शिवणाची मशीन, सारे बरोबर घेऊन जातो. आणि नेमका याच प्रसंगी तो एक मोठी चूक करतो. जे आहे ते उघडपणे कस्टमला सांगत नाही.

या चुकीची किंमत आम्ही जवळून पाहिली आहे. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ अठरा वर्षे आखातात नोकरी करून कुटुंबासह कॅनडाला गेले. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारले, "मागून काही सामान येणार आहे का?" गृहस्थांनी सांगितले, "नाही, एवढ्याच बॅगा." खरे तर त्यांचा अर्धा कंटेनर मागून बोटीने निघणार होता. खोटे बोलून लाभ मिळवावा असा त्यांचा हेतू नव्हता. कस्टमसमोर जेवढे कमी बोलू तेवढे बरे, एवढीच त्यांची समजूत. चार महिन्यांनी कंटेनर पोहोचला तेव्हा त्यांच्याकडे कागद मागण्यात आला. कागद नव्हता. मग स्वतःच्या जुन्या कपाटावर, जुन्या फ्रिजवर, दहा वर्षे वापरलेल्या भांड्यांवर त्यांना कर भरावा लागला. गोदामाचे भाडे वेगळेच. पैसे गेले याचे दुःख होतेच, पण त्याहून अधिक दुःख हे की यातला एक पैसाही भरण्याची गरज नव्हती. पहिल्या दिवशी दोन कागद दिले असते तर सर्व सामान फुकट सुटले असते.

भीती आली कुठून?

कस्टमची ही धास्ती आपल्या लोकांच्या मनात का बसली, हे समजून घेतले पाहिजे. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० साली रद्द झाला. तोवर सोने बाळगणे हीच एक संशयाची बाब होती. आखातातून येणारा प्रत्येक माणूस सोन्याची बिस्किटे घेऊन येतो, अशा नजरेने त्याच्याकडे पाहिले जाई. बॅगा उसकटल्या जात. टेपरेकॉर्डर आणि साड्यांवरून वाद होत. १९९२ साली परदेशी राहणाऱ्या भारतीयांना शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोने उघडपणे आणण्याची मुभा मिळाली आणि चित्र बदलले. कायदा बदलला, पण माणसाचा स्वभाव बदलला नाही. बापाने मुलाला शिकविले की कस्टमच्या टेबलावर गप्प राहावे, आणि मुलाने ती शिकवण टोरांटोपर्यंत नेली.

आमच्या मते ही शिकवण आता टाकून दिली पाहिजे. कारण स्थायिक होणाऱ्या माणसासाठी केलेला नियम हा त्याला पकडण्यासाठी केलेला नसून त्याला सूट देण्यासाठी केलेला आहे. मात्र सूट मागितल्यावर मिळते, आणि मागण्याची रीत म्हणजे यादी.

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मराठीत ज्याला आपण जकात म्हणत आलो तो शब्द आपल्याच जकातीवरून आला. मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके २०१७ साली जीएसटी आल्यावर बंद झाले, शब्द मात्र भाषेत राहिला. इंग्रजीतला टॅरिफ हा शब्दही मुळात अरबी आहे. त्याच्या मुळाशी 'तअरीफ' आहे, म्हणजे माहिती देणे, ओळख करून देणे. व्यापारी कौमेने जगाला दिलेले हे शब्द आहेत. मालाची ओळख करून देणे हा ज्यांच्या पूर्वजांचा रोजचा व्यवहार होता, त्यांनीच आज माहिती देण्यास घाबरावे हे विचित्र आहे.

मालकी, ताबा आणि वापर

आम्ही येथे कॅनडाचा दाखला घेतो, कारण तेथे जाणाऱ्यांची चौकशी आमच्याकडे सर्वांत जास्त येते. कॅनडाच्या शुल्क-सूचीत स्थायिक होणाऱ्यांच्या सामानासाठी ९८०७ क्रमांकाची स्वतंत्र नोंद आहे. तिचा सारांश तीन शब्दांत सांगता येतो : मालकी, ताबा आणि वापर. सामान तुमच्या मालकीचे असले पाहिजे, तुमच्या ताब्यात असले पाहिजे आणि कॅनडात पाऊल ठेवण्यापूर्वी तुम्ही ते वापरलेले असले पाहिजे. या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या की घरगुती आणि वैयक्तिक सामानावर शुल्क नाही. कपडे, अंथरुणे-पांघरुणे, फर्निचर, भांडी, दागिने, पुस्तके, संगणक, वाद्ये, छंदाची हत्यारे हे सारे यात येते.

आता या तीन शब्दांच्या कसोटीवर आपली रीत घासून पाहू.

पहिली गोष्ट, मालकी. आपल्याकडे कोणी परदेशी निघाला की साऱ्या गावाची पार्सले त्याच्या बॅगेत जातात. "माझ्या मुलीला ही बांगडी दे", "भावजयीला हा हार पोहोचव", असे म्हणून चाची, फुफू, शेजारीण सगळ्या येतात. नाही म्हणणे अवघड, हे आम्ही जाणतो. पण ती बांगडी तुमची नाही. ती स्थायिक होणाऱ्याच्या सामानात बसत नाही. ती स्वतःची म्हणून लिहिली तर खोटे विधान होते, आणि लिहिली नाही तर लपविलेला माल ठरतो. दोन्हीकडून अडचण तुमची. दुसऱ्याची अमानत सांभाळणे हे पुण्याचे काम खरे, पण अमानत स्वीकारताना ती नेता येईल की नाही हेही सांभाळणाऱ्याने पाहिले पाहिजे. स्नेह्यांसाठी भेटवस्तू न्यायचीच असेल तर कॅनडात प्रत्येकी साठ कॅनेडियन डॉलरपर्यंतच्या भेटीवर शुल्क लागत नाही. तेवढ्यात बसणारी भेट न्यावी, ती भेट म्हणूनच सांगावी, आणि सोन्याच्या बाबतीत सरळ हात जोडावेत.

दुसरी गोष्ट, वापर. निघण्याच्या आधी महिनाभर आपल्याकडे खरेदीचा धडाका लागतो. नवा मिक्सर, नवा कुकर, नवी चादर, सारे खोक्यात बंद, सील न तोडलेले. तेथे महाग मिळेल या समजुतीने ही खरेदी होते. पण न वापरलेली वस्तू तिसऱ्या अटीत नापास होते. तिच्यावर कर बसू शकतो. हिशोब केला तर पुष्कळदा तेथे घेतलेली वस्तू स्वस्त पडते, शिवाय तेथील विजेच्या दाबाला ती चालते. आपला २३० व्होल्टचा मिक्सर तेथे १२० व्होल्टवर निमुटपणे बसून राहील.

या अटीला एक अपवाद आहे आणि तो आपल्या मुलींच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कॅनडात येण्यापूर्वी तीन महिन्यांच्या आत लग्न झाले असेल, किंवा आल्यावर तीन महिन्यांच्या आत होणार असेल, तर लग्नातल्या भेटी आणि नवरीचा संसारोपयोगी सरंजाम यांना वापराची अट लागत नाही. मालकी आणि ताबा मात्र येण्यापूर्वीचाच हवा. नवविवाहित मुली मोठ्या संख्येने जातात, पण हा अपवाद त्यांच्या सासर-माहेरात क्वचितच कोणाला ठाऊक असतो.

दोन याद्या, पहिल्याच दिवशी

रीत साधी आहे. निघण्यापूर्वी दोन याद्या कराव्यात. एक बरोबर नेत असलेल्या सामानाची, दुसरी मागून येणाऱ्या सामानाची. प्रत्येक यादीच्या दोन प्रती. वस्तूचे नाव, अंदाजे किंमत, आणि जेथे असेल तेथे कंपनीचे नाव, मॉडेल आणि अनुक्रमांक लिहावा. कॅनडात पहिल्यांदा उतरता त्या दिवशी या याद्या अधिकाऱ्याला द्याव्यात. तो त्यावरून एक नमुना भरतो. पूर्वी त्याला बी-४ म्हणत, आता तो बीएसएफ-१८६ या नावाने ओळखला जातो. त्याची शिक्का मारलेली प्रत तुम्हाला मिळते. ही प्रत पासपोर्टाइतकीच जपून ठेवावी. मागून बोट आली की हीच प्रत दाखवून माल सोडवायचा असतो.

यातला "पहिल्यांदा" हा शब्द आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो. आपले पुष्कळ लोक दोन टप्प्यांत जातात. व्हिसाची मुदत संपू नये म्हणून आधी आठ दिवस जाऊन कागदपत्रे पुरी करतात, परत दुबई, दोहा किंवा कुवेतला येऊन नोकरीचा हिशोब मिटवितात, आणि मग वर्षभराने कुटुंब व सामान घेऊन जातात. त्या आठ दिवसांच्या फेरीत हातात एकच बॅग असते. म्हणून यादीचा विचारही कोणी करीत नाही. परंतु मागून येणाऱ्या सामानाची यादी द्यायची ती त्याच फेरीत. त्या वेळी बरोबर काहीही नसले तरी द्यायची. ती संधी गेली की वर सांगितलेल्या गृहस्थांची पाळी येते.

परदेशगमनाचे सल्लागार हजारो रुपये फी घेतात. गुणांचा हिशोब, इंग्रजीची परीक्षा, बँकेचे दाखले, सर्व समजावतात. व्हिसा लागला की त्यांचे काम संपले. सामानाविषयी त्यांच्या तोंडून एक वाक्य निघत नाही. माल बांधणाऱ्यांचीही तीच तऱ्हा. आमच्या एका नातलगाचे सामान मुंबईहून निघाले तेव्हा बांधणाऱ्या कंपनीने यादी दिली ती अशी : "खोके १ ते २२, जुने घरगुती सामान." बावीस खोक्यांत काय आहे हे ना मालकाला आठवत होते, ना कंपनीला. आमच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या खलाशी निघाले. कोणत्याही जुन्या खलाशाला विचारा, मालाच्या यादीशिवाय बोट बंदर सोडते का? मग आपला संसार बोटीवर चढताना यादी का नसावी?

दागिने कोणाचे?

सर्वांत जास्त लपवालपवी दागिन्यांची होते, म्हणून त्यावर थोडे सविस्तर.

घरातील दागिने बहुधा बायकोचे असतात. काही मेहरमध्ये आलेले, काही माहेरचे, काही आखाताच्या कमाईतून घडविलेले. शरीअतप्रमाणे ते तिच्या मालकीचे आहेत, याविषयी वाद नाही. पण प्रवासात ते नवऱ्याच्या कोटाच्या आतल्या खिशात जातात आणि कागदावर कोठेच येत नाहीत. आम्ही सुचवितो की दागिन्यांची यादी बायकोच्या नावाने, तिने स्वतः करावी. प्रत्येक दागिन्याचा फोटो काढावा. सोनाराकडून वजन, कॅरेट व किंमत लिहून घ्यावी आणि त्या फोटोवर त्याची तारखेसह सही घ्यावी. कॅनडाचे कस्टम खातेही हेच सांगते.

याचा लाभ दोनदा होतो. एकदा प्रवेशाच्या वेळी, आणि पुन्हा पुढे कधीही. समजा दोन वर्षांनी भाच्याच्या लग्नाला ती रत्नागिरीला आली आणि हार-पाटल्या घालून परत गेली. परतताना अधिकारी विचारू शकतो की हे सोने या फेरीत भारतात घेतले काय? ज्याच्याकडे पहिल्या दिवसाची यादी आहे तो कागद पुढे करतो आणि चालू लागतो. ज्याच्याकडे नाही तो सिद्ध काय करणार? आमच्या ओळखीच्या एका वयस्कर बाईंनी मुलाकडे जाताना शाळेच्या वहीत मराठीतून यादी केली होती. "बुगड्या, जोड एक, आईने दिलेल्या" अशी एकेक ओळ. नातवाने ती इंग्रजीत टाइप केली. घरचे हसले होते. पुढे तीन वेळा त्या यादीने त्यांची वाट मोकळी केली.

जे लोक म्हणतात की दागिन्यांची अशी मोजदाद कोण करीत बसणार, त्यांना आमचा साधा प्रश्न आहे. जकात काढताना दरवर्षी आपण तोळे मोजतोच ना? मोजदाद झालेलीच असते. ती फक्त कागदावर उतरवायची आहे.

आणखी एक सावधगिरी. सूट घेऊन नेलेली वस्तू बारा महिन्यांच्या आत विकली किंवा कोणाला देऊन टाकली तर तिच्यावरचे शुल्क व कर लगेच भरावे लागतात. पहिले वर्ष कठीण असते. नोकरी मिळेपर्यंत बायकोची पाटली मोडून भाडे भरलेली घरे आम्हाला माहीत आहेत. मोडणारा बिचारा अडचणीत असतो, त्याला नियम ठाऊक नसतो. म्हणून पहिल्या वर्षाच्या खर्चाची तजवीज पैशात करून जावे, सोन्यावर विसंबून जाऊ नये. विकायचेच असेल तर निघण्यापूर्वी येथेच विकणे शहाणपणाचे.

रोख रक्कम

पैशांबाबतही असाच गैरसमज आहे. दहा हजार कॅनेडियन डॉलर किंवा अधिक रक्कम बरोबर असेल तर ती सांगावी लागते. यात नोटाच नव्हे तर बँक ड्राफ्ट, चेक, ट्रॅव्हलर्स चेक, रोखे हेही धरतात. लोक समजतात की सांगितले की कर कापणार. तसे काही नाही. रक्कम कितीही नेता येते आणि सांगण्यावर कर नाही. न सांगता सापडली तर मात्र ती जप्त होऊ शकते आणि दंड भरावा लागतो. आयुष्याची कमाई कमरेच्या पट्ट्यात लपवून नेणे यात कसले चातुर्य? शक्यतो पैसे बँकेमार्फत पाठवावेत, हा सर्वांत निर्धोक मार्ग.

व्यापाऱ्यांसाठी

या पानाचे वाचक बहुतांशी व्यापारी आहेत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळे सांगतो. विक्रीसाठी नेलेला माल स्थायिकाच्या सामानात बसत नाही. अत्तराच्या शंभर बाटल्या, चिकनचे पन्नास सूट, कोल्हापुरी चपलांचे पोते हे "घरच्या वापराचे" म्हणून नेणाऱ्याला अधिकारी हसत नाही, नोंदवून ठेवतो. तेच कारखान्यासाठी, बांधकामाच्या किंवा कंत्राटाच्या कामासाठी नेलेल्या यंत्रसामग्रीचे, आणि धंद्यात वापरायच्या गाडीचे. आईची घरातली शिवणाची मशीन घरगुती आहे. कारखान्याच्या दहा मशीन घरगुती नाहीत.

व्यापार करायचा असेल तर सरळ मार्ग उपलब्ध आहे. कॅनडात धंद्याचा नोंदणी क्रमांक घेऊन त्यावर आयात-निर्यातीचे खाते उघडता येते आणि त्याला फी नाही. माल त्या खात्यावर रीतसर आणावा, शुल्क भरावे आणि उजळ माथ्याने विकावा. ज्याला नव्या देशात वीस वर्षे धंदा करायचा आहे त्याने पहिल्या दिवशी पन्नास सुटांसाठी आपले नाव खराब करून घेऊ नये. बाजारात पत ही भांडवलाहून मोठी, हे आपल्या वडीलधाऱ्यांनीच आपल्याला शिकविले आहे.

किंमत कमी दाखविण्याविषयीही बोलले पाहिजे. पाच हजारांची वस्तू पाचशेची लिहिणे ही जुनी खोड. स्थायिकाच्या सामानाला शुल्कच लागत नसताना किंमत पाडून मिळवायचे काय? उलट बोटीत माल भिजला किंवा हरवला तर विमा कंपनी लिहिलेल्या किमतीकडे बोट दाखवील. पाचशे लिहिलेत, पाचशे घ्या.

इतर देश आणि आपला देश

इतर देशांतही तत्त्व हेच, तपशील निराळा. ऑस्ट्रेलियात मागून येणारे सामान बारा महिने मालकीचे व वापरातले हवे, आणि लाकूड, बियाणे, खाद्यपदार्थ यांची तपासणी फार कडक. इंग्लंडमध्ये सामान सहा महिने ताब्यात व वापरात हवे, देशाबाहेर बारा महिने राहिलेले हवे, आणि सवलतीचा अर्ज सामान पोहोचण्यापूर्वीच करून ठेवणे चांगले. अमेरिकेत घरगुती सामान वर्षभर वापरलेले असावे लागते. कोठेही जा, मसाले, लोणची, सुके मासे बरोबर असतील तर तेही सांगावेत. फार तर अधिकारी पिशवी काढून घेईल. न सांगता सापडले तर दंड पिशवीच्या कितीतरी पट पडतो.

आपल्या देशातील कायदाही सांगणाऱ्याच्याच बाजूचा आहे. १९६२ च्या कस्टम कायद्याच्या ७७ व्या कलमाप्रमाणे प्रवाशाने आपल्या सामानाचे निवेदन करायचे असते. त्याच कायद्याच्या ८० व्या कलमाप्रमाणे, शुल्क लागणारी किंवा मनाई असलेली वस्तू बरोबर असेल आणि प्रवाशाने खरे निवेदन केले असेल, तर ती वस्तू कस्टमकडे ठेवून देश सोडताना परत घेण्याची विनंती त्याला करता येते. म्हणजे ही सोय खरे सांगणाऱ्याला आहे. लपविणाऱ्याला ती नाही.

कुवेतचा धडा

यादीचे मोल कस्टमच्या टेबलापुरते नाही, हे आपल्या लोकांनी एकदा फार महाग शिकून घेतले आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. सुमारे १,७०,००० भारतीयांना तेथून मायदेशी आणावे लागले. त्यांत कोकणातली शेकडो घरे होती. भरले घर, दुकान, गाडी मागे टाकून लोक अम्मानच्या वाटेने अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. पुढे १९९१ साली संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाई आयोग स्थापन केला. इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून जगभरच्या पंधरा लाखांहून अधिक दावेदारांना भरपाई मिळाली, आणि आयोगाचे शेवटचे देणे २०२२ साली फिटले. कुवेत सोडावे लागले एवढ्याच कारणासाठी ठराविक रक्कम साध्या पुराव्यावर मिळाली. पण घरातल्या सामानाचे, मालमत्तेचे नुकसान मागायचे तर ते काय होते आणि किती किमतीचे होते, याला आधार हवा होता. ज्यांच्याकडे पावत्या, फोटो, याद्या होत्या त्यांची बाजू भक्कम. ज्यांच्याकडे केवळ आठवणी होत्या त्यांची लंगडी.

त्या वेळचे फॉर्म भरताना अनेक घरांत जे ऐकू आले ते आम्ही विसरलेलो नाही. नवरा म्हणे, कपाटात चार हार होते. बायको म्हणे, पाच. पाचवा कोणता हे सांगता येईना. स्वतःच्या संपत्तीची माहिती स्वतःलाच नव्हती, ती जगाला कशी पटवून द्यायची?

काय करावे?

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गावच्या जमातीने आणि मुंबईतल्या आपल्या संस्थांनी परदेशी स्थायिक होणाऱ्या कुटुंबांसाठी महिन्यातून एक दिवस ठेवावा. इंग्रजी जाणणारी दोन मुले-मुली बसवावीत. त्यांनी लोकांच्या याद्या टाइप करून द्याव्यात आणि ज्या देशात जायचे तेथील ताजे नियम सरकारी माहितीतून वाचून दाखवावेत, कारण नियमांतले आकडे बदलत असतात आणि ऐकीव माहितीवर जाणे धोक्याचे. आपल्या सोनार बांधवांनी माफक दरात फोटोवर सही-शिक्क्यासह मूल्यांकन द्यावे. माल बांधणारे आपले जे व्यावसायिक आहेत त्यांनी "जुने घरगुती सामान" एवढ्यावर न भागविता खोकेवार यादी द्यावी आणि हवे तर त्याचे दोन पैसे जास्त घ्यावेत. गिऱ्हाईक आनंदाने देईल.

आणि जे जाणार आहेत त्यांना एवढेच सांगणे. नव्या देशात तुम्हाला कोणी ओळखत नाही. तुमची पहिली ओळख होते ती विमानतळावरच्या त्या टेबलावर, तुम्ही दिलेल्या उत्तरावरून. उत्तर खरे द्या आणि यादी पुढे करा. पाच-दहा मिनिटांत काम होते. शिक्का मारलेला तो कागद घरी नेऊन घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा आणि कोठे ठेवला हे बायकोलाही सांगून ठेवा.